फिनाईलचा वास आला म्हणजे जंतू मेले असं नसते बाप्पा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जो पाऊस पडला तो इथल्या कोणाला नव्यानं सांगायची गरज नाही, तीन-चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर आणि रस्ता लोकांच्या घरात. माझ्या मावशीचं घर त्याच पट्ट्यात आहे. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाणी उतरलं होतं पण मागे चार बोटं गाळ ठेवून गेलं होतं, फ्रिज आडवा पडलेला, दिवाणातल्या साड्या चिखलात, आणि गटाराचा असा वास की डोळ्यात पाणी यावं. मावशीनं सगळ्यात आधी काय केलं तर पांढऱ्या फिनाईलची अख्खी बाटली त्या गाळावर ओतली. "आता कसा चांगला वास येऊन राहिला, मरतीन सगळे जंतू," असं म्हणाली आणि ओल्या खुर्चीवर टेकली.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, जंतू मारायची औषधं हा माझा रोजचा धंदा आहे, पण त्या दिवशी मी तिला काही बोलले नाही. ती वेळच नव्हती. नंतर मात्र वाटलं की हे एकदा नीट लिहून ठेवावं, कारण मावशीच कशाला, आपण सगळेच वासावर विश्वास ठेवतो. फरशी पुसली, पाईनचा वास आला, झालं.

गंमत म्हणजे या सगळ्या शास्त्राची सुरुवात वासापासूनच झाली आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या दवाखान्यात सेमेलवाईस नावाचा डॉक्टर होता. तिथे बाळंतपणाचे दोन वॉर्ड, एकात डॉक्टर आणि शिकाऊ पोरं, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या वॉर्डात बाया बाळंतज्वरानं जास्त मरायच्या. याच्या लक्षात आलं की डॉक्टर लोक मुडदे फाडून सरळ बाळंतिणीकडे येतात, साबणानं हात धुतले तरी हाताला तो वास राहतोच. तो वास घालवायला कोणतं औषध सगळ्यात चांगलं, तर क्लोरीनवालं चुन्याचं पाणी, म्हणून त्यानं मे महिन्यात सगळ्यांना त्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या वॉर्डात शेकडा १८ च्या वर बाया मेल्या होत्या, जूनमध्ये हा आकडा शेकडा २ च्या आसपास आला. जंतू हा प्रकार तेव्हा कोणाला धड माहीत नव्हता, त्यालाही नव्हता. तो वासाच्या मागे गेला आणि औषध बरोबर सापडलं.

लिस्टरचंही तसंच. कार्लाईल नावाच्या इंग्लंडमधल्या गावात गटाराच्या घाणीत कार्बोलिक अ‍ॅसिड टाकलं की दुर्गंधी कमी होते असं त्याच्या कानावर आलं, आणि ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगोच्या दवाखान्यात गाडीचं चाक पायावरून गेलेल्या ११ वर्षांच्या एका पोराच्या जखमेवर त्यानं कार्बोलिकच्या पट्ट्या बांधल्या. त्या काळी हाड बाहेर आलेला पाय म्हणजे पाय कापायचा नाहीतर माणूस जायचा, पण सहा आठवड्यांत ते पोरगं बरं झालं. हे कार्बोलिक म्हणजेच फिनॉल, आणि आपलं फिनाईल हे नाव त्याच खानदानातलं. म्हणजे मावशीचं नाक काही अगदीच चुकीच्या दिशेनं जात नव्हतं. फक्त एक गोष्ट आहे, वास जाणं किंवा येणं हा त्या औषधाचा सोबतचा गुण, मारायचं काम वेगळंच काहीतरी करते.

ते वेगळं म्हणजे काय, ते सांगते. जंतू म्हणजे सोप्या भाषेत एक अतिशय बारकी पिशवी, बाहेर तेलकट पापुद्रा आणि आत पाणी, प्रथिनं आणि पुढची पिल्लं कशी बनवायची त्याची चिठ्ठी. मारायचं तर तुम्ही यातलंच काहीतरी बिघडवणार. डेटॉल, सॅव्हलॉन, फिनाईल ही मंडळी मुख्यतः पिशवी फाडतात, आतलं बाहेर येते आणि जंतू खलास. स्पिरिट पिशवीही फाडते आणि आतली प्रथिनंही गोठवते, अंडं उकळल्यावर पांढरं कसं घट्ट होते आणि परत पातळ होत नाही, तसं. क्लोरीन, आयोडीन, हायड्रोजन पेरॉक्साईड हे दिसेल त्याचं ऑक्सिडेशन करत सुटतात, म्हणजे जंतूच्या आतली यंत्रं गंजवून टाकतात म्हणा. एक चौथी जात आहे, ग्लुटाराल्डिहाईडसारखी, ती प्रथिनांना एकमेकांत बांधून टाकते की कोणालाच हलता येत नाही, पण ते दवाखान्यातलं काम, घरात त्याचा काही संबंध नाही.

आता यात एकही औषध जंतूला ओळखत नाही, आणि हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अँटिबायोटिकची गोळी निदान थोडी निवड करते, जंतूचं काय आणि आपलं काय हे तिला कळते. क्लोरीनला काही कळत नाही. समोर चिखल आला तर चिखलाशी, शेण आलं तर शेणाशी, साडीचा रंग आला तर रंगाशी भिडते आणि तिथेच संपते. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी बर्डीच्या बाजारात मेन रोडवर चोर पकडायला दोन शिपाई पाठवा, ते गर्दीतच अडकतीन, चोर आरामात झाशी राणी चौकातून निघून जाईन. मावशीच्या फिनाईलचं तेच झालं. चार बोटं गाळ म्हणजे बर्डीची गर्दी, वरच्या थरात बाटली संपली, खाली सगळे सुखरूप. म्हणून आधी फावड्यानं गाळ काढायचा, मग पाणी मारून साबणाच्या पाण्यानं घासायचं, आणि मग औषध. हा क्रम उलटा केला की पैसे गाळात, शब्दशः.

फिनाईलबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. काळं फिनाईल डांबरातून निघालेल्या फिनॉलसारख्या पदार्थांचं असते, आपल्या आजीच्या काळातलं, गोठ्यात टाकायचे ते. पांढऱ्यात पाईनचं तेल असते, पाण्यात टाकलं की दुधासारखं होते आणि आपल्याला वाटते की कितीतरी ताकद आहे, पण तो पांढरेपणा म्हणजे पाण्यात न विरघळणारे तेलाचे बारीक थेंब, बाकी काही नाही. डेटॉल दुधाळ होते तेही असंच. ताकद बघायची तर चांगल्या बाटलीवर आर.डब्ल्यू.सी. असा एक आकडा असतो, रिडील आणि वॉकर या दोघांनी १९०३ साली काढलेली पद्धत, टायफॉईडचा जंतू मारायला हे द्रावण साध्या फिनॉलच्या किती पट पातळ केलं तरी चालते ते त्यातून कळते. ५ म्हणजे पाच पट. दारावर जुन्या पाण्याच्या बाटल्यांमध्ये जे फिनाईल आणि अ‍ॅसिड विकायला येते त्यावर आकडा सोडा, नावही नसते. आमच्या गल्लीत येतो त्याच्याकडचं मी एकदा घेतलं होतं, वास असा की तिसऱ्या घरी जावा, आणि आठ दिवसांनी बाटलीत खाली पाणी, वर तेल. आणि हो, घरात मांजर असेल तर फिनॉलवाली औषधं जपून वापरा, मांजराच्या शरीराला फिनॉल नीट बाहेर काढता येत नाही, ती ओल्या फरशीवरून चालते आणि मग पाय चाटते.

वेळ. हे कोणीच पाळत नाही, दवाखान्यातले लोकही नाही. इंजेक्शनच्या आधी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि लगेच सुई टोचली, तर ते स्पिरिट नुसतं शास्त्रापुरतं. वाळू द्यायचं, अर्धा मिनिट लागते. बीटाडिनचं पण तसंच, लावलं की दोन मिनिटं तरी राहू द्या. स्पिरिटबद्दल लोक नेहमी विचारतात की ७० टक्केच काहून, १०० टक्के तर जास्त जोरदार असायला पाहिजे ना? नाही. प्रथिनं गोठवायला पाणी लागते. एकदम शुद्ध अल्कोहोल पाण्यावाचून ते काम नीट करू शकत नाही, आणि वरून पटकन उडून जाते. थोडं पाणी असलं की ते आतपर्यंत शिरते आणि थांबते. म्हणून सॅनिटायझर ६० ते ८० टक्क्यांच्या आसपास असते.

आणि सगळे जंतू सारखे नाहीत. ज्या विषाणूंवर तेलकट वेष्टन आहे, कोरोना, फ्लू, रेबीज, ते या मंडळीत सगळ्यात नाजूक, साधा साबण त्यांचं वेष्टन विरघळवतो. म्हणूनच कुत्रा चावला तर पहिलं काम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुणं, घड्याळ लावून, हळद-तिखट भरत बसायचं नाही, मग बीटाडिन, आणि मग लगेच इंजेक्शनला दवाखान्यात. साधे बॅक्टेरिया त्याच्या वरच्या पायरीला. वेष्टन नसलेले विषाणू, उलटी-जुलाबवाले, त्यांना सॅनिटायझर फारसं लागू पडत नाही. टीबीच्या जंतूला मेणाचं कातडं, तो चिवट. आणि सगळ्यात वर बीजाणू, धनुर्वाताचा, गॅस गँगरीनचा, हे म्हणजे जंतूनं स्वतःला बी बनवून कवचात बंद करून घेतलेलं, स्पिरिटात बुडवून ठेवले तरी मरत नाहीत. दुर्बिणीच्या नळ्या दवाखान्यात २ टक्के ग्लुटाराल्डिहाईडमध्ये बुडवतात तेव्हा बाकी जंतू काही मिनिटांत जातात पण बीजाणूंसाठी १० तास धरावे लागतात. फरशी पुसून धनुर्वात टळते असं कोणी म्हणत असेल तर म्हणू द्या, तुम्ही टीटीचं इंजेक्शन घ्या.

"९९.९ टक्के जंतू मारते" याचाही हिशोब एकदा करून पाहा. वट्ट्यावर १० लाख जंतू आहेत असं धरा. ९९.९ टक्के गेले, राहिले किती? हजार. चांगलं खायला-प्यायला आणि ऊब मिळाली तर ई-कोलायसारखा जंतू २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दहा वेळा दुप्पट झाले की हजाराचे परत १० लाख, वेळ लागला २०० मिनिटं, साडेतीन तासही नाही. सकाळी पुसलेला वट्टा दुपारच्या स्वयंपाकाला परत जिथल्या तिथे. कोरडा ठेवला तर मात्र इतकं सहज होत नाही, जंतूंना पाणी लागते, म्हणून पुसून झाल्यावर कोरडं फडकं फिरवणं हे अर्ध्या औषधाचं काम करते, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

सॅव्हलॉनबद्दल एक छोटी गोष्ट, लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरांना मी हमखास सांगते. त्यातल्या सेट्रिमाईडवर धन भार असतो आणि साबणावर ऋण, दोघं एकत्र आले की एकमेकांनाच धरून बसतात. बादलीत साबणाचा फेस करून त्यात सॅव्हलॉन टाकणारे लोक दोन्हीची वाट लावतात. साबण आधी, तो पूर्ण धुऊन टाका, मग सॅव्हलॉन. आणि पातळ केलेलं औषध आठ-आठ दिवस बादलीत ठेवू नका, सुडोमोनाससारखे जंतू अशा पातळ औषधातच मजेत वाढलेले दवाखान्यांत सापडले आहेत.

आता क्लोरीन, कारण मावशीच्या घरी खरं काम त्यानंच केलं. ब्लिचिंग पावडर म्हणजे विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून बनवलेली भुकटी, १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं तिचं पेटंट घेतलं, कपडे पांढरे करायला. गावाकडे ग्रामपंचायतीत हिला टीसीएल म्हणतात. ताज्या पावडरमध्ये साधारण ३३ टक्के कामाचा क्लोरीन असतो, पण पिशवी उघडी राहिली, दमट हवा लागली की तो उडून जातो आणि मागे राहतो चुना. रस्त्याच्या कडेला, नालीच्या काठानं जी पांढरी रेघ मारलेली दिसते ना, कोरडी, ती दिसायला छान दिसते. पाण्यात गेल्याशिवाय ही पावडर काही करत नाही. पाण्यात गेली की तिच्यापासून हायपोक्लोरस अ‍ॅसिड बनते, त्यावर काही भार नसतो म्हणून ते जंतूच्या पिशवीतून सरळ आत घुसते, आणि खरा मारेकरी तोच. पाणी जास्त अल्कधर्मी असलं की याचंच दुसरं, ऋणभाराचं रूप वाढते आणि ते कितीतरी पट मंद असते.

पण म्हणून कोणी यात अ‍ॅसिड टाकायचं नाही. हे मी अनुभवावरून सांगते. कॉलेजात असताना खोलीवर संडास धुवायची माझी पाळी होती, आधी अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर टाकलं, डाग जाईना, म्हटलं थोडी ब्लिचिंग पावडर भुरभुरते. चुर्र असा आवाज आला आणि दोन श्वासांत घशात कोणीतरी मिरचीची पूड फुंकल्यासारखं झालं. क्लोरीन वायू हवेपेक्षा जड, तो खालीच साचतो, आणि संडास घासणारा माणूस उकिडवा बसलेला, म्हणजे नाक बरोबर त्याच थरात. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मनांनी सोडला तोच हा वायू, आपण साडेतीन बाय तीनच्या संडासात दार लावून बनवतो. मी खोकत बाहेर पळाले, रात्रभर छाती दुखत होती. अमोनियावाल्या क्लीनरसोबत मिसळलं तरी असाच विषारी वायू होतो, फक्त प्रकार वेगळा. एका वेळी एकच औषध, आणि चुकून झालंच तर वरून तिसरं काही ओतायला थांबू नका, बाहेर पडा.

मावशीच्या मागच्या अंगणात विहीर आहे, छोटी, जुन्या नागपुरात असायच्या तशी. तिच्यातही नालीचं पाणी गेलेलं. मोटर लावून ती सगळी उपसली, गाळ काढला, झरे परत आले तेव्हा हिशोब केला. विहिरीचा व्यास दीड मीटर, पाणी अडीच मीटर. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, त्याला ३.१४ नं गुणून ४ नं भागायचं, आलं साधारण ४.४ घनमीटर म्हणजे ४४०० लिटर. नेहमीच्या स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ११ ग्रॅम, मूठभरसुद्धा नाही. मावशीला पटेना, "एवढ्याशानं काय होते?" पण पुरानंतर एवढ्याशानं खरंच होत नाही, कारण आधी सांगितलं तसं पाण्यातली घाणच आधी क्लोरीन खाते, आणि तिचं पोट भरल्यावर जो उरतो तोच जंतू मारतो. किती खाते ते पाणी तपासूनच कळते. आम्ही तपासत तपासत बरीच जास्त टाकली. टाकायचीही पद्धत आहे, पावडर सरळ विहिरीत फेकायची नाही, बादलीत थोड्या पाण्यात पेस्ट करायची, मग पाणी वाढवून ढवळायची आणि दहा मिनिटं ठेवायची. खाली चुना बसतो, तो टाकून द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन, बादली दोरीनं विहिरीत सोडून खालीवर हलवायची. मग निदान तासभर कोणी पाणी काढायचं नाही.

पण हे एकदाच्याचं झालं, झरे तर रोज येतात. यावर उत्तर आपल्याच वर्धा रोडवर सापडलेलं आहे. आपली नीरी, १९५८ साली नागपुरात सुरू झालेली पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था, नीरी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं, तिथल्या लोकांनी दोन मडक्यांची एक युक्ती काढली. एका मडक्यात दुसरं मडकं. आतल्यात एक किलो ब्लिचिंग पावडर आणि दोन किलो जाडी रेती किंचित ओली करून भरायची. आतल्या मडक्याला भोक वर, काठाजवळ, बाहेरच्याला खाली, बुडापासून चार सेंटिमीटरवर, भोक एक सेंटिमीटरचं. बाहेरच्याचं तोंड प्लॅस्टिकनं बांधायचं आणि दोरीनं पाण्याखाली मीटरभर सोडून द्यायचं. भोकं वरखाली असल्यानं क्लोरीन एकदम सुटत नाही, वळसा घेत थोडा थोडा झिरपतो. साडेचार हजार लिटरची घरगुती विहीर आणि रोज ३६० ते ४५० लिटर उपसा असेल तर दोन-तीन आठवडे बघायचं काम नाही. ना वीज, ना मशीन. मला या डोक्याचं फार कौतुक वाटते, शिकत असताना हे पुस्तकात वाचलं तेव्हा नागपूर हे नाव दिसलं म्हणून पेनानं खूण केली होती.

मडकी कुंभाराकडून आणली, भोकं त्यानंच पाडून दिली, रेती शेजारच्या बांधकामावरून मागितली. पावडर पहिल्या दुकानातून आणली ती उघडली तर वासच नाही, नुसता चुना, आणि इथे मात्र मावशीच्या नाकानं बरोबर पकडलं, "याले तं काहीच वास नाही." परत केली, दुसरीकडून बंद डब्यातली घेतली.

मडकं सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून टेस्टचं किट घेऊन गेले. काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेतलं, दोन-तीन थेंब टाकले. पाण्यात उरलेला क्लोरीन असेल तर रंग पिवळा होतो, आणि आपल्याला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेला हवा. मावशी पदरानं हात पुसत बाजूला उभी. नळी उजेडात धरली, आधी काहीच नाही, मग हळूहळू लिंबाच्या सरबतासारखी फिक्की पिवळी झाली. तिनं वाकून पाहिलं, नळीचा वास घेतला, आणि म्हणाली, "वास तर येऊनच नाही राहिला."